आगाऊ सह्यांचा पावसाळा

मी ज्या पाड्यावर जाऊन आलो, तिथे सोळा वर्षांपूर्वी मी दर आठवड्याला जात होतो. निदान कागदावर तरी जात होतो. पाड्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांनी तेवढी एकच अट घातली आहे. पेठ आणि सुरगाण्याच्या मध्ये कुठेतरी, एवढं धरून चाला. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलं असेल तर सापुताऱ्याला जाताना, गाडीच्या काचेतून.

मी तेव्हा आरोग्यसेवक होतो. लोक ‘पावडरवाले साहेब’ म्हणायचे. विहिरीत जंतुनाशक पावडर टाकायची, गोळ्या वाटायच्या, ताप आलेल्यांचं रक्त काचेवर घ्यायचं, ही कामं. पुढे बदली झाली, एकलहऱ्याजवळ बिऱ्हाड केलं, मुलगी मोठी झाली. सगळं सुरळीत चाललं, आणि सुरळीत चाललं म्हणूनच सांगायचं ते राहून गेलं.

या श्रावणात नाशिकला बायकांचं एक शिबिर झालं. गावोगावच्या पाणी समित्यांवरच्या बायका आल्या होत्या. मी व्यवस्थेला, मागच्या रांगेत. एक तिशीची बाई उठली. यमुना तिचं नाव. सातवीपर्यंत शिकलेली, लग्न होऊन पाड्यावर आलेली. माईक बाजूला सारून म्हणाली, “आमच्या विहिरीनं तीन पोरं खाल्ली आणि नाव आलं एका बाईवर. भुताळी म्हणून तिला हाकलली. मी तिला परत आणणार हाय. दोन वर्सं झाली, लोक येऊ देत नायत. पण आणणार.”

मग तिने पाड्याचं नाव सांगितलं.

शिबिर संपल्यावर मी तिला दारात गाठलं. म्हटलं, मी पूर्वी तिकडे नोकरीला होतो, एकदा यावं म्हणतो.

“या की! पण दिवाळीच्या आत या. मंग पाडा सगळा द्राक्षाच्या कामाला खाली जातो. कुत्रीसुदीक राहत नायत.”

सोमवार: घाटाखाली

सावळघाट उतरलो तेव्हा नऊ वाजले होते. भातांची कापणी उरकत आली होती, उतारावर नागली, आणि मध्ये मध्ये खुरासणीचे पिवळेधमक तुकडे. इतका देखणा मुलूख आणि मी नोकरीच्या काळात तो कधी डोळे भरून पाहिला नव्हता. तेव्हा नजर नेहमी परतीच्या गाडीवर.

पेठेपासून जीप. माझ्या एका मांडीवर पिशवी, दुसऱ्या मांडीवर शेजारणीची कोंबडी. पैसे गोळा करताना ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, कोंबडी तुमच्यात धरू का बाईच्यात?” बाई म्हणाली, “मांडी त्यांची हाय, त्यांच्यातच धर.” सगळी जीप हसली. मीही हसलो. त्या दिवसातलं ते शेवटचं हसणं.

जीपमधून उतरल्यावर दीड तास चाल. पाड्याच्या अलीकडे ओढा आहे. यमुना घ्यायला आली होती. घोटाभर पाणी, तरी शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला आणि मी बसलो तो थेट प्रवाहात. चप्पल वाहून गेली. यमुनाने हात देऊन उठवलं, तोंडाला पदर लावून म्हणाली, “घोटाभर पाण्यात ही गत, मंग पावसाळ्यात कसे येत होते हो तुम्ही?”

मी म्हटलं, “पाणी बघून यायचो.”

सोळा वर्षांनी पाड्याच्या हद्दीत पाय ठेवण्याआधीच मी पुन्हा खोटं बोललो होतो.

पाडा तीसेक घरांचा. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेल्या, आता काहींवर पत्रे. आम्ही पोचलो तेव्हा विहिरीवर काम चालू होतं. एक म्हातारा आणि एक तरुण बाई बादलीत पावडर कालवत होते. चुन्याचा गाळ तळाला बसू दिला, वरचं निवळ विहिरीत ओतलं. दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते. थोड्या वेळाने यमुनाने पोहऱ्याने पाणी काढलं, काचेच्या नळीत घेतलं, बाटलीतल्या औषधाचे थेंब सोडले. पाणी पिवळं झालं. म्हणजे पावडर पडली. म्हाताऱ्याने नळी उन्हात धरून पाहिली, बाईने पाहिली आणि दोघं दोन दिशांना गेले.

“भांडण आहे का यांचं?” मी विचारलं.

“बांधावरून. सात वर्सं बोलत नायत. म्हणून तर जोडी लावली.”

ही इथली रीत आहे आणि ती यमुनाने पाडली. पावडरीची पाळी घरोघर फिरते, पण एका पाळीला दोन घरं, आणि तीही एकमेकांशी न बोलणारी. “गोडीची माणसं एकमेकांचं झाकतात,” ती म्हणाली. “वैर असलं की डोळा उघडा राहतो.” आमच्या कॉलनीत न बोलणारी दोन घरं एका वेळी जिना उतरत नाहीत. नळाला येणाऱ्या पाण्यात औषध कोण टाकतं, टाकतं का, हे आम्हाला ठाऊक नाही, आम्ही विचारतही नाही. इथे पाड्याने आपल्या भांडणांना कामाला लावलं होतं, आणि त्यानंतर हगवणीने इथे एकही मूल गेलेलं नव्हतं.

सोमवार संध्याकाळ: यमुनाच्या ओट्यावर

नागलीची भाकर, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी. यमुनाचा नवरा कापणीला शेजारच्या पाड्यावर गेला होता. मी भाकर मोडत होतो, ती बोलत होती.

तिला सकरीबाईला परत आणायचं होतं. सकरीबाई पाड्याची सुईण. इथल्या निम्म्या माणसांची नाळ तिने कापलेली. आता टेकडीपलीकडे एकटी राहते. जवळच्या झऱ्याचं पाणी पिते आणि तो माघातच आटतो. मागच्या उन्हाळ्यात ती चार दिवस तापाने पडून होती आणि घोटभर पाण्यासाठी सरपटत गेली. “अजून एक उन्हाळा नाय काढायची ती,” यमुना म्हणाली.

“अडवतं कोण?”

“पाटील.” म्हणजे देवराम, तेव्हाचे पोलीस पाटील. त्यांची नात त्या तिघांत होती. “मी म्हणते विहिरीचा दोष. बैठकीत ते पेटीतून कागद काढतात. पावडरीचं रजिस्टर. म्हणतात, हे बघा, पाच आठवडे पावडर पडली, सरकारी शिक्का हाय, माझी सही हाय. पाणी चांगलं होतं. मंग पोरं कशानं मेली? त्या कागदापुढं माझं तोंड बंद होतं.”

त्या रजिस्टरवर दुसरी सही माझी होती.

मी भाकर ताटात ठेवली आणि सांगितलं. पहिल्यांदाच सांगत होतो, त्यामुळे सुरुवात कुठून करायची कळेना. नियम असा होता की दर आठवड्याला पावडर टाकायची आणि पाटलांची सही घ्यायची; रजिस्टर त्यांच्याकडेच राहायचं. पावसाळ्यात ओढा भरतो, येणं होत नाही. म्हणून मृगाच्या सुमारास मी देवराम पाटलांच्या ओट्यावर बसून पुढच्या पाच आठवड्यांच्या सह्या एकदम घेतल्या. चहा झाला, सह्या झाल्या. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. सगळीकडे असंच चालायचं.

ओढा त्या वर्षी भरला तो फक्त दहा दिवस. बाकीचे दिवस मी नाशिकला होतो. मुलीचं बारसं होतं, त्याला तीन दिवस. उरलेला नुसता आळस.

विहिरीत उताराचं सगळं वाहून आलं. आठ दिवसांत तीन मुलं उलट्या-हगवणीने गेली. तिन्ही घरी सकरीबाई काढे घेऊन धावली होती, तिन्ही वेळा मूल तिच्या डोळ्यांसमोर गेलं. भगताने तांदूळ टाकून पाहिले आणि तिचं नाव घेतलं. दगड मारले. नवव्या दिवशी मी आलो तेव्हा ती वेशीबाहेर बसली होती, कपाळ फुटलेलं. मी तिच्या डोक्याला पट्टी बांधली. मग विहिरीवर गेलो आणि तिप्पट पावडर ओतली. सकरीबाई त्याच दुपारी टेकडीपलीकडे गेली. त्या दिवसानंतर त्या साथीत एकही मूल गेलं नाही.

लोक म्हणाले, बघा, ती गेली आणि मरण थांबलं.

मी तिथेच उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. नोकरी गेली असती. नाही बोललो.

 यमुनाने उठून माझं ताट उचललं. अर्धी भाकर तशीच होती. “हे मला कशाला सांगता?” ती म्हणाली. आवाजातला ‘साहेब’ गेला होता. “उद्या तिला सांगा. परवा विहिरीवर सांगा. तोवर मी काय बोलायची नाय तुमच्याशी.”

आणि खरंच बोलली नाही.

मंगळवार: टेकडीपलीकडे

वाट यमुनाने दाखवली, पुढे चालत, मागे न बघता. टेकडी चढून गेल्यावर एकच झोपडी. दारात नागलीची कणसं वाळत घातलेली. साठीची बाई राखेने भांडं घासत होती. कपाळावर आडवा वण.

तिने मला पाहिलं आणि ओळखलं. “पट्टीवाला,” ती म्हणाली आणि घाईघाईने घोंगडी अंथरली. यमुनाला सांगू लागली. तिची बोली, म्हणजे इथल्या आदिवासींची कोकणी, मला जमणार नाही, आशय लिहितो. त्या दिवशी सगळा पाडा होता, कुणी जवळ आलं नाही. ह्यानं एकट्यानं हात लावला. कापूस ओला करून रक्त पुसलं. देवाचा माणूस आहा.

सोळा वर्षं ती माझं नाव घेत होती. चांगल्या अर्थाने.

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. मध्ये एकदाही तिने अडवलं नाही, हात मात्र भांड्यावर तसाच फिरत राहिला. संपल्यावर तिने विचारलं,

“पट्टी बांधली तवा तुला ठावं होतं?”

“हो.”

“पावडर नाय टाकलेली, हे?”

“हो.”

“आणि मी नाय केलं, हे?”

“हो.”

भांडं तिने बाजूला ठेवलं. स्वतःचे दोन्ही हात राखेसकट समोर धरून बघत राहिली. मला वाटलं होतं ती शिव्या देईल, निदान रडेल. ती म्हणाली, “मना वाटलं, माझ्या हातातच काय असल. आपल्यालाच कळत नाय, असं राहतं ना काय काय. तीन पोरं लागोपाठ, माझ्याच हातावर. म्हणून मंग मी कुणाचं पोर धरलं नाय.”

यमुना म्हणाली, “मावशी…”

“माझ्या लेकीला पोर झाली. निरोप आला, ये. मी गेली नाय. नातीला काय होईल म्हणून. लेकीला वाटलं, लोक बोलतात तेच खरं, आईच म्हणते तर.”

भुताळी ठरवलेली बाई नाकारत असेल, भांडत असेल, असंच मी सोळा वर्षं धरून चाललो होतो. तिने ते मानलं असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी हात जोडले. ती म्हणाली, “ते ठेव तुझ्याजवळ. मना कशाला? लेकीला जाऊन सांग. दिंडोरीच्या अलीकडं दिली हाय. तिला सांग, आईचा हात चांगला हाय.”

बुधवार: विहीर

सकाळी सगळा पाडा जमला. दोन दिवसांनी ट्रक येणार होता, बाडबिस्तरा बांधून तयार होता. देवराम पाटील सत्तरीचे, ताठ, हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं रजिस्टर. मला पाहून त्यांनी राम राम केला. त्यांना वाटलं मी त्यांच्या बाजूने आलोय.

मी विहिरीच्या कट्ट्याजवळ उभा राहून सांगितलं. तिसऱ्यांदा सांगत होतो, तरी सोपं झालं नव्हतं.

कुणीतरी म्हणालं, “आता कशाला सांगायला आलास? नोकरी संपत आली म्हणून?” ते अगदीच खोटं नव्हतं. दुसरा म्हणाला, “तुला आधी विहिरीत टाकला पाहिजे.” यमुना म्हणाली, “टाका. पाणी नासेल, मग पाळी कुणाची?” कुणी हसलं नाही.

देवराम पाटील म्हणाले, “हा खोटं बोलतो. सही माझी हाय. पाटलाची सही खोटी राहते का?”

“पाटील,” मी म्हटलं, “पाच सह्या एका दिवशी केल्या आपण. तुमच्या ओट्यावर. शाई एकच आहे बघा. तिसऱ्या सहीला पेन अडलं, तुम्ही झटकलं, त्याचा डाग आहे.”

यमुनाने हात पुढे केला. पाटलांनी रजिस्टर द्यायला वेळ लावला, पण दिलं. पान हातोहात फिरलं. वाचता न येणाऱ्यांनीही पाहिलं. डाग पाहायला अक्षर लागत नाही.

पाटील खाली बसले. कुणाकडेही न बघता म्हणाले, “आगाऊ केल्या. पण हा येऊन टाकून जात असंल असं धरलं मी. आणि मंग पोर गेली.” थांबले. “पाण्यानं गेली म्हणलं असतं, तर माझ्या सहीनं गेली असं झालं असतं ना.”

त्यांची सून, गेलेल्या नातीची आई, बायकांत उभी होती. ती पुढे आली, सासऱ्यांसमोर थांबली. पदर डोक्यावरच होता. “मी मारला होता पहिला दगड,” ती एवढंच म्हणाली आणि घराकडे चालू लागली. तिच्यामागे कुणी गेलं नाही.

ठराव असा काही झाला नाही. नाटकात होतो तसा मनाचा पालट तर नाहीच. दोन घरांनी स्पष्ट सांगितलं की सकरी विहिरीवर आली तर आम्ही ओढ्याचं पिऊ. भगत म्हणाला, तांदूळ कागदाला भीत नाही. पण अडवायला आता पाटील नव्हते, आणि त्यांच्याशिवाय कुणाचा शब्द पाड्यावर तेवढा चालत नव्हता. दुपारी यमुनाने पाळीच्या यादीत सकरीबाईचं नाव घातलं. मला ओढ्यापर्यंत पोचवलं. दुसऱ्या कुणाची तरी जुनी चप्पल दिली आणि म्हणाली, “लेकीकडं जायचं हाय तुम्हाला. विसराल.”

“नाही विसरणार.”

“विसरलेत ना एकदा.”

विसरलो नव्हतो, हे तिला सांगितलं नाही. ते जास्त वाईट होतं.

पंधरा दिवसांनी

सकरीबाईची लेक दिंडोरीच्या अलीकडे एका वस्तीवर आहे. बरं चाललंय. पत्र्याचं घर, दारात सायकल, दोन शेळ्या. मी नाव सांगितलं तशी तिने मला घराच्या मागे, गोठ्याजवळ नेलं. तिथे उभ्याने ऐकून घेतलं. चेहऱ्यावर काही हललं नाही.

“झालं?” तिने विचारलं.

“आईने सांगितलंय, हात चांगला आहे म्हणून.”

ती शेळीच्या दाव्याची गाठ पुन्हा पुन्हा घट्ट करत होती. “सासरी मी सांगून टाकलंय, आई मेली. भुताळीची पोर म्हणल्यावर कोण नांदवतंय? दहावं-तेरावं सगळं केलं. सासूनंच केलं, पदरानं डोळे पुसून. पोरीला पंधरावं लागलं, तिचं आता बघायला लागलेत. आता मी काय सांगू त्यांना? मेलेली आई तुमच्या कागदातनं उठून आली?”

तिने दावं हातातून सोडलं.

“जिवंत हाय म्हणता ना. बरं. हे मला तरी कळलं. जावा तुम्ही, धनी येतील.”

परत टेकडी चढताना मी रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. लेक कामात होती, येईन म्हणाली, संक्रांतीनंतर बघू म्हणाली. मला अशी वाक्यं चांगली जुळवता येतात. सोळा वर्षं दुसरं काय केलं?

पाडा रिकामा होता. ट्रक गेला होता. चार-सहा म्हातारी माणसं आणि यमुना तेवढी मागे राहिली होती. सकरीबाई झोपडीच्या दारात उभी होती.

“काय म्हणली?”

मी शब्दाला शब्द सांगितलं. मेली सांगितल्याचं, तेराव्याचं, नातीच्या सोयरिकीचं. ती ऐकत होती, मधून मान हलवत होती, जणू मी दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगतोय.

“चांगलं केलं पोरीनं,” शेवटी म्हणाली. “हुशार हाय. तिला आता काय सांगू नको. मेलेली बरी मी तिथं.”

मग आत गेली, दोन हंडे घेऊन बाहेर आली. एक डोक्यावर, एक कमरेवर, आणि पाड्याच्या विहिरीच्या वाटेला लागली. वाट उताराची, तिचे गुडघे वाकडे पडत होते. मी मागे धावलो, म्हटलं, द्या, मी भरून आणतो, निदान आज.

“नको,” ती न थांबता म्हणाली. “राहिलेत त्यांना बघू दे. मीच भरते.”